न्यूमोनिया उतरतोय पण बाबा भलतंच बोलतायत, हे कितपत नॉर्मल?

ऐरोलीकर

नमस्कार मंडळी. हॉस्पिटलच्या खाली टपरीवर बसून लिहितोय, शुद्धलेखन सांभाळून घ्या, आणि चुकीच्या विभागात धागा पडला असेल तर ॲडमिननी हलवावा.

माझे बाबा, वय ७४, ऐरोलीत आमच्यासोबतच असतात. बीपी आहे, शुगर बॉर्डरवर, बाकी माणूस एकदम टणटणीत. रोज सकाळी चालायला जाणार, लाइट बिलापासून सोसायटीच्या मेंटेनन्सपर्यंत सगळा हिशेब तोंडपाठ. ताप-खोकला झाला, फॅमिली डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, मग दम लागायला लागला आणि ऑक्सिमीटरवर ८४ दिसलं तसं सरळ उचलून ॲडमिट केलं. दोन्ही बाजूला न्यूमोनिया. आयसीयू, मग व्हेंटिलेटर, मग नळी निघाली, आता वॉर्डात आणलंय. ताप नाही, एक्सरे सुधारतोय, नाकातल्या नळीवर दोन लिटर ऑक्सिजन. छातीचे डॉक्टर खूश आहेत.

पण डोक्याचं काहीतरी बिनसलंय. बाबा रबाळे एमआयडीसीत केमिकल कंपनीत शिफ्ट सुपरवायझर होते, रिटायर होऊन जमाना झाला. आता शेजारच्या बेडचा मॉनिटर वाजला की त्यांना तो प्लांटचा अलार्म वाटतो, वॉर्डबॉयवर ओरडतात, "आधी स्टीम बंद कर रे, रिॲक्टर तापलाय." परवा रात्री सलाइन ओढून काढलं, का तर शिफ्ट संपली, बस निघून जाईल. भिंतीवर मुंग्या दिसतात. आईकडे बघून म्हणाले या बाई कोण, यांच्याकडे गेट पास आहे का. आई तेव्हापासून नुसती रडतेय. आणि सकाळी दहाला बघाल तर माणूस अगदी नीट, मला विचारतात गाडीचा इन्शुरन्स भरलास का. संध्याकाळ झाली की परत सुरू.

दुसरं म्हणजे हातपाय एवढे ढिले पडलेत की चमचा तोंडापर्यंत जात नाही.

आयसीयूवाले डॉक्टर म्हणाले डिलिरियम (आजारपणात अचानक होणारा डोक्याचा गोंधळ) आहे, होतं असं, जाईल. सीटी स्कॅन नॉर्मल. यापलीकडे बोलायला त्यांना वेळ नाही. मावशी म्हणतेय अल्झायमर सुरू झाला, एक काका म्हणतात बाहेरचं बघून घ्या, फॅमिली ग्रुपवर कोणीतरी ते पुण्यातलं जीबीएस (गियाँ-बारे, नसांचा आजार) फॉरवर्ड केलंय. कोणाच्या घरी असं झालंय का, फुप्फुसाच्या इन्फेक्शनने डोक्यावर परिणाम होतो का, हे जातं का, एमआरआय मागून घ्यावा का, आणि आम्ही घरच्यांनी नेमकं करायचं काय?

कोपरखैरणेची_सून

दादा आधी शांत व्हा, आमच्याकडे सासूबाईंचं सेम झालं होतं. त्या तर नर्स त्यांच्या पाटल्या चोरतेय म्हणून पोलिसांना बोलवा म्हणायच्या, आणि पाटल्या माझ्याकडे लॉकरमध्ये. शेजारच्या पेशंटच्या मुलाला त्या स्वतःचा धाकटा भाऊ समजून कोकणातल्या वाटणीवरून भांडल्या. तो बिचारा हो आत्या, देतो आत्या म्हणत होता. तेव्हा हसायला येत नव्हतं, आता येतं.

त्यांचं हळूहळू गेलं. घरी आल्यावरही काही दिवस रात्री थोडं असायचं, मग तेही गेलं. आता परत सगळ्यांच्या चुका काढतात म्हणजे बऱ्याच झाल्या. त्यांना हॉस्पिटलमधलं अर्धंमुर्धं आठवतं, आणि ते विचारलं की त्यांना लाज वाटते, म्हणून आम्ही विषय काढत नाही.

रात्रपाळी

आयसीयू स्टाफ नर्स आहे, ठाणे-नवी मुंबईतच वेगवेगळ्या ठिकाणी काम केलंय. तुम्ही लिहिलंय ते, म्हणजे अचानक सुरू झालेलं, दिवसभरात कमीजास्त होणारं, संध्याकाळनंतर वाढणारं, हे टिपिकल डिलिरियमचं वर्णन आहे. अल्झायमर असा आठवड्यात येत नाही, तो महिने-वर्षं घेऊन येतो. व्हेंटिलेटरवर राहिलेल्या वयस्कर पेशंटमध्ये तर आम्ही हे इतकं बघतो की नसलं तर नवल वाटतं.

एक सांगते जे लोकांना माहीत नसतं. ओरडणारा, नळ्या ओढणारा पेशंट सगळ्यांना दिसतो. पण डिलिरियमचा दुसरा प्रकार गप्प असतो. पेशंट पडून राहतो, डोळे अर्धवट, हाक मारली की हं, जेवण नको. नातेवाईक म्हणतात आज बाबा शांत आहेत, छान झोपलेत. तो पेशंट कधीकधी जास्त आजारी असतो आणि कोणाच्या लक्षातच येत नाही. त्यामुळे तुमचे बाबा ओरडायचे थांबले आणि नुसते गुंगीत राहायला लागले तर आनंद मानू नका, सिस्टरला सांगा.

घरच्यांनी काय करायचं तर: चष्मा आहे का? कानाचं मशीन आहे का? कवळी? आयसीयूत जाताना हे सगळं काढून नातेवाइकांच्या हातात देतात आणि मग ते घरच्या ड्रॉवरमध्ये राहतं. ज्याला नीट दिसत नाही आणि ऐकू येत नाही त्याच्या डोक्याने रिकाम्या जागा भरल्या तर त्यात नवल काय. दिवसा पडदा उघडा ठेवा, जमेल तितकं जागं आणि बसतं ठेवा, रात्री लाइट कमी. मोठ्या आकड्यांचं घड्याळ समोर लावा. प्रत्येक वेळी आत गेल्यावर सांगा की मी अमुक, आपण हॉस्पिटलमध्ये आहोत, न्यूमोनिया झाला होता, आज अमुक वार. वाद घालू नका. रिॲक्टर तापला म्हणाले तर रिॲक्टर नाहीये बाबा असं दहादा समजावण्यापेक्षा "मी बघतो, तुम्ही बसा" म्हणा आणि विषय बदला. एका वेळी एकच माणूस, शक्यतो रोज तोच.

लघवीची नळी अजून आहे का? गरज संपली असेल तर काढता येईल का विचारा. पोट साफ होतंय का बघा. ऐकायला क्षुल्लक वाटतं पण म्हाताऱ्या माणसाला बद्धकोष्ठ आणि तुंबलेली लघवी एवढंही पुरतं.

आणि ऑक्सिजनच्या खटक्याला हात लावू नका कोणी. एका पेशंटला जुना सिगरेटचा दमा होता, पाहुण्यांनी प्रेमापोटी फ्लो वाढवून ठेवला, सॅच्युरेशन मस्त ९९ आणि पेशंट सकाळी उठेना. अशा सीओपीडीवाल्यांना ८८ ते ९२ मध्येच ठेवतात, त्यापेक्षा जास्त दिलं तर रक्तात कार्बन डायऑक्साइड साठतो आणि माणूस गुंगीत जातो. बोटाच्या मशीनवर कार्बन डायऑक्साइड दिसत नाही, त्याला एबीजी, म्हणजे धमनीतल्या रक्ताची तपासणी, करावी लागते.

खरं_बोलणारा

सगळा धंदा आहे. आयसीयूत झोपेची इंजेक्शनं देऊन देऊन पेशंटला वेडं करतात आणि मग न्यूरोची व्हिजिट वेगळी लावतात. आमच्या ओळखीत एकाने सही करून डिस्चार्ज घेतला, घरी गेल्यावर पेशंट ठणठणीत. एमआरआय वगैरे भानगडीत पडू नका, घरी न्या.

वैद्य_नाही_डॉक्टर

मी फिजिशियन, ठाण्यात प्रॅक्टिस. पेशंट न बघता इथे निदान होत नाही हे आधीच सांगतो, पण ऐरोलीकरांनी लिहिलेलं वाचून आणि वरच्या प्रतिसादामुळे लिहावंसं वाटलं.

खरं बोलणाऱ्यांचं एक वाक्य अर्धं बरोबर आहे. मिडाझोलामसारख्या झोपेच्या औषधांनी डिलिरियम वाढतो, म्हणूनच हल्ली ती कमीत कमी द्यायचा प्रयत्न असतो. पण व्हेंटिलेटरची नळी घशात असताना माणसाला काहीतरी द्यावंच लागतं. आणि दोन लिटर ऑक्सिजनवर असलेल्या, चमचा न उचलणाऱ्या ७४ वर्षांच्या माणसाला स्वतःच्या जबाबदारीवर घरी न्या हा सल्ला मी तरी देणार नाही.

आता मूळ प्रश्न. फुप्फुसाच्या इन्फेक्शनचा डोक्यावर परिणाम होतो का? होतो, आणि बहुतेक वेळा जंतू मेंदूत न जाताच होतो. व्होल्टेज पडलं की ट्यूब फडफडते, ट्यूबमध्ये बिघाड नसतो, तसं. छातीत लढाई चालू असताना रक्तात जी रसायनं सुटतात ती मेंदूवरही परिणाम करतात, शिवाय ऑक्सिजन कमी पडलेला, ताप, झोप नाही, किडनी थोडी दमलेली, त्यात औषधं. सीटी नॉर्मल येतो तो त्यामुळेच, सीटीत दिसण्यासारखं काही नसतंच. सीटी रक्तस्राव, मोठा स्ट्रोक किंवा गाठ नाही ना हे बघायला असतो.

म्हणून डिलिरियम हे उत्तर धरून थांबायचं नाही, डिलिरियम कशामुळे हे विचारायचं. राउंडच्या वेळी एवढंच विचारा: सोडियम किती आहे, क्रिएटिनिन (किडनीचा आकडा) किती आहे, एबीजी शेवटची कधी केली, आणि सध्या कोणती औषधं चालू आहेत ज्याने गोंधळ वाढू शकतो. न्यूमोनियात सोडियम उतरणं अगदी कॉमन आहे. नॉर्मल १३५ ते १४५. १२५ च्या खाली गेलं की माणूस बरळू शकतो, आणखी खाली गेलं तर फिट येऊ शकते. किडनी बरोबर नसताना सेफेपिम नावाचं अँटिबायोटिक पूर्ण डोसमध्ये गेलं तर त्यानेही गोंधळ आणि फिट येतात, डोस कमी केला किंवा औषध बदललं की उतरतं.

घरच्यांना ठाऊक असतं आणि आम्हाला नसतं असंही बरंच असतं. बाबा रोज रात्री अल्प्राझोलामसारखी झोपेची गोळी घ्यायचे का, जी ॲडमिट झाल्यावर एकदम बंद झाली? रोज संध्याकाळी दोन पेग होते का? लाजून सांगत नाहीत लोक, आणि दोन-तीन दिवसांनी पेशंटला मुंग्या-किडे दिसायला लागतात, हात थरथरतात. ते गोळी किंवा दारू एकदम सुटल्याचं लक्षण असतं, त्याचा उपचार वेगळा. आणि आधीचे बाबा कसे होते, हिशेब तोंडपाठ होता, हे डॉक्टरांना ठामपणे सांगा, नाहीतर रात्रपाळीच्या नव्या डॉक्टरला वाटतं की आजोबा असेच असतील.

एमआरआय, पाठीच्या मणक्यातून पाणी काढणं, ईईजी (मेंदूच्या विजेचा आलेख), हे कधी? मान ताठ, जोराची डोकेदुखी आणि उलट्या, फिट, एका बाजूचा हात-पाय पडणं, तोंड वाकडं होणं, जीभ जड होणं, दोन-दोन दिसणं, किंवा बाकी सगळं सुधारूनही शुद्ध सुधारत नाही तेव्हा. न्यूमोनियानंतरच्या आठवड्यांत स्ट्रोक आणि हार्ट ॲटॅक दोन्हींचा धोका वाढलेला असतो. तोंड वाकडं दिसलं तर सकाळच्या राउंडची वाट बघायची नाही, गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आतच देतात.

काही जंतू मात्र मुळातच डोक्याशी खेळतात. न्यूमोकोकस रक्तातून मेंदूच्या आवरणापर्यंत गेला तर मेनिंजायटिस, आणि त्यातून वाचलेल्या काहींचं ऐकू येणं कायमचं जातं. मायकोप्लाझ्मा मुलांमध्ये जास्त, छाती बरी होत आलेली असताना मेंदूला सूज किंवा पायातली ताकद जाणं. लिजिओनेला, जो १९७६ साली फिलाडेल्फियात माजी सैनिकांच्या अधिवेशनात पहिल्यांदा लक्षात आला, तो मोठ्या एसी प्लांटच्या कूलिंग टॉवरच्या पाण्यातून पसरतो, त्यात सोडियम उतरणं आणि गोंधळ हे जुलाबांबरोबर ठळक असतात, त्याची लघवीची टेस्ट असते. फ्लू आणि कोविडचं तर सगळ्यांनी बघितलंच.

दिव्याचा_प्रवासी

डॉक्टरसाहेबांनी औषधांचं लिहिलं त्यावरून. माझ्या भावाला लहानपणापासून फिट्स, व्हॅल्प्रोएट चालू, वर्षानुवर्षं एकही फिट नाही. गेल्या पावसाळ्यात न्यूमोनिया झाला, ॲडमिट, मेरोपेनेम नावाचं अँटिबायोटिक चालू केलं, आणि छाती सुधारायला लागली तशी फिट. परत फिट. आम्हाला वाटलं इन्फेक्शन मेंदूत गेलं, वहिनीने तर आशाच सोडली होती. मग एका तरुण न्यूरोच्या मॅडम आल्या, त्यांनी फाइल उलटी-पालटी केली आणि विचारलं की ही दोन औषधं एकत्र कोणी चालू ठेवली. मेरोपेनेमच्या कुटुंबातल्या इंजेक्शनांनी रक्तातलं व्हॅल्प्रोएट झपाट्याने खाली येतं म्हणे, गोळी नियमित घेत असलो तरी. लेव्हल करून बघितली तर जवळजवळ नाहीच. दुसरं फिटचं औषध जोडलं आणि थांबलं.

हॉस्पिटलचं नाव घेत नाही, भांडायचं नाहीये, पण आता घरातल्या प्रत्येकाच्या औषधांचा फोटो माझ्या मोबाइलमध्ये आहे, स्ट्रिपसकट.

कळवा_नाका

सगळे म्हाताऱ्यांबद्दल लिहितायत म्हणून लिहितोय, माझा भाचा २३ चा. खोकला, वजन कमी, थुंकीत टीबी निघाला, गोळ्या चालू झाल्या. थोडं बरं वाटलं म्हणून मधेच सोडल्या, घरी कोणाला सांगितलं नाही, कॉल सेंटरची नोकरी, महापेला नाइट शिफ्ट. पुढे डोकं दुखायला लागलं ते दुखतच राहिलं. जागरणाचं असेल, चष्म्याचा नंबर वाढला असेल, क्रोसिन घे, असंच चाललं होतं. मग चिडचिड, मग सकाळी उलट्या, मग एक दिवस आईला म्हणाला मला शाळेत सोड.

मेंदूच्या आवरणाचा टीबी. पाठीतून पाणी काढलं, एमआरआयमध्ये बारीक गाठी पण दिसल्या. एकेटी (टीबीच्या गोळ्या) नव्याने सुरू, सोबत स्टेरॉइड. फुप्फुसाच्या टीबीला साधारण सहा महिने पुरतात, याला जास्त लांब चालतो कोर्स, आणि एकही दिवस चुकवायचा नाही. तो वाचला, पण एका डोळ्याची नजर कमी राहिली आणि चालताना थोडा झोल जातो. छातीचा टीबी असलेल्याचं डोकं दिवसेंदिवस दुखत असेल तर ते साधं डोकं दुखणं समजू नका एवढंच.

कोपरखैरणेची_सून

बापरे. @कळवा_नाका, माझ्या भावाला टीबीच्या गोळ्यांनी पायाला मुंग्या येतात, तेही डोक्याचंच का?

वैद्य_नाही_डॉक्टर

@कोपरखैरणेची_सून, बहुधा नाही. आयसोनियाझिडने पायाच्या नसांवर परिणाम होतो, म्हणून सोबत बी-६ देतात, ते चालू आहे ना बघा. लिनेझोलिड चालू असेल तर त्यानेही मुंग्या येतात आणि तिथे नजरेवरही लक्ष ठेवावं लागतं. गोळ्या स्वतःहून बंद करू नका, पण पुढच्या तारखेपर्यंत थांबूही नका, टीबी सेंटरला आत्ताच सांगा.

ऐरोलीकर

सगळ्यांचे मनापासून आभार, काल रात्री हे सगळं आईला वाचून दाखवलं. बातमी आहे.

सकाळी राउंडला डॉक्टर आले तेव्हा कागदावर प्रश्न लिहूनच उभा होतो. सोडियम १२०. मधल्या रिपोर्टात १२८ होतं आणि उतरतच गेलेलं. मग त्यांनीच विचारलं घरी बीपीची कोणती गोळी, आईने पर्समधून स्ट्रिप काढली, तिच्यात लघवीचं औषध मिसळलेलं आहे म्हणे, क्लोरथॅलिडोन का काय, आणि ती इथेही चालूच होती. ती बंद केली, पाणी मोजून द्यायला सांगितलंय, सलाइन बदललं, दर सहा तासांनी रक्त. पण म्हणतात हळूहळूच वाढवणार. मला कळेना, एवढं कमी आहे तर पटकन का नाही भरत?

आणि सिस्टरताई, कानाचं मशीन खरंच घरी टीव्हीच्या ड्रॉवरमध्ये होतं, सेल संपलेलं. बायकोने सेल आणून लावलं. बाबांनी पहिलं काय विचारलं असेल तर "हा एसी एवढा आवाज का करतोय, सर्व्हिसिंग केलं नाही का यांनी?" रात्री बडबड होती पण रिॲक्टर निघाला नाही.

हातपायाचं मात्र तसंच आहे. उजवं पाऊल तर वर उचललंच जात नाही. जीबीएस नाही ना?

वैद्य_नाही_डॉक्टर

हळू भरतायत ते बरोबर करतायत. बरेच दिवस उतरलेलं सोडियम झटकन वर नेलं तर मेंदूच्या देठातल्या नसांचं आवरण खराब होऊ शकतं, आणि मग बोलणं, गिळणं, हातपाय सगळंच जातं, तेही दोन-तीन दिवसांनी, जेव्हा सगळ्यांना वाटतं की सुधारला. म्हणून २४ तासांत साधारण आठ-दहाच्या वर जाऊ देत नाहीत. फिट येत असेल तर सुरुवातीला थोडं जोरात देतात, ती वेगळी गोष्ट.

डोकं सोडियमच्या मागे एक-दोन दिवसांनी येतं, आकडा सुधारला आणि बाबा त्याच संध्याकाळी नीट बोलले नाहीत तर घाबरू नका.

फिजिओ_घोडबंदर

हातपायाचं मी लिहितो, हे माझं रोजचं काम आहे. व्हेंटिलेटरवरून उतरलेल्या पेशंटचे स्नायू आणि नसा दोन्ही ढिल्या पडतात. नुसतं पडून राहिल्याने तर होतंच, पण मोठ्या इन्फेक्शनमध्ये शरीर स्वतःचे स्नायूच खातं. दोन्ही बाजूला सारखं असतं, खांदे आणि मांड्या जास्त, चेहरा बहुतेक वाचतो.

जीबीएस वेगळं. तिथे इन्फेक्शन होऊन गेल्यावर एक ते तीन आठवड्यांनी पायांपासून ताकद जायला लागते आणि वर-वर चढते, काहींना श्वासाचे स्नायूही धरतात. पुण्यात २०२५ च्या जानेवारीत सिंहगड रोड भागात जे झालं ते पाण्यातल्या जंतूचं, कॅम्पायलोबॅक्टर, पोटाचं इन्फेक्शन. छातीच्या इन्फेक्शननंतरही जीबीएस होतो, पण तुमच्याकडे ताकद वाढत्या क्रमाने जातेय असं दिसत नाही. तरी नसांची टेस्ट, एनसीव्ही म्हणतात, करायची का हे न्यूरोंना विचारा, त्यात बरंचसं कळतं.

एकच पाऊल पडलंय ते मला वेगळं वाटतं. गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला, हाड लागतं ना बोटाला, तिथून एक नस अगदी कातडीखालून जाते. बेशुद्धीत पाय बाहेर वळून बेडच्या रेलिंगला टेकून राहिला की ती दबते. बघून घ्या तिथे वळ किंवा काळपट डाग आहे का. पायाखाली उशी देऊन गुडघ्याची बाहेरची बाजू मोकळी ठेवा, पाऊल सरळ राहील असा स्प्लिंट मिळतो, मेडिकलवाल्याकडे फूट-ड्रॉप स्प्लिंट मागा, पण साइझ फिजिओने ठरवू दे. अशी नस बहुतेक वेळा परत येते, वेळ लागतो.

आणि कृपा करून झोपवून चहा-मारी भरवू नका. हे मी प्रत्येक वॉर्डात बघतो, पेशंट अर्धवट गुंगीत, मान मागे, आणि प्रेमाने चमच्याने चहा चाललाय. घशातून नळी निघाल्यावर गिळणं काही दिवस कच्चं असतं, त्यात शुद्ध अर्धी, चहा सरळ श्वासनलिकेत जातो आणि परत न्यूमोनिया. पूर्ण जागे, ताठ बसलेले, हनुवटी थोडी खाली, एक घोट, गिळू दे, मग पुढचा. प्यायल्यावर खोकला आला किंवा आवाज घोगरा-ओला झाला तर थांबा आणि गिळण्याची तपासणी करून घ्या. पातळ पाण्यापेक्षा पेजेसारखं दाट सोपं जातं.

बेडच्या कडेला पाय सोडून बसवणं लवकर सुरू करा, फिजिओ आल्याशिवाय उभं करू नका. ढिल्या मांड्यांवर पडले तर खुब्याचं हाड जातं.

खरं_बोलणारा

बरं बाबा, सोडियमचं पटलं. पण मग पहिल्याच दिवशी कोणी का नाही बघितलं, एवढं बिल घेतात ते कशाला?

रात्रपाळी

बघितलं होतं की, १२८ आलं होतं ना. पण छातीवाले छाती बघतात, न्यूरोवाले सीटी बघून जातात, आणि तो आकडा दोघांच्या मधल्या पानावर पडून राहतो. मी कोणाची बाजू घेत नाहीये, एका रात्री सहा-सहा पेशंट असतात आमच्याकडे. म्हणून तर म्हणते घरच्या एका माणसाकडे रिपोर्टचे फोटो तारखेवार असू देत.

ऐरोलीकर

सोडियम १३१. काल संध्याकाळी बाबांनी आईला नावाने हाक मारली आणि घरची मटार उसळ मागितली. अधूनमधून वार चुकतात. फिजिओदादा, गुडघ्याखाली बाहेरून खरंच काळपट पट्टा आहे, न्यूरोंना दाखवला, पुढच्या आठवड्यात एनसीव्ही करू म्हणाले.

अजून एक विचारायचं होतं, जरा विचित्र आहे. बाबांच्या नावावरची एफडी या महिन्यात मॅच्युअर होतेय, बँकेचे फॉर्म आलेत, भाऊ म्हणतो आत्ता नीट बोलतायत तर सही घेऊन टाकू. मला बरोबर वाटत नाहीये. आणि हे पूर्ण आधीसारखे होतील ना?

वैद्य_नाही_डॉक्टर

सही थांबवा. डिलिरियममधला माणूस सकाळी नीट वाटतो आणि दुपारी नसतो, पैशाचे निर्णय आणि गाडी चालवणं, दोन्ही काही आठवडे बाजूला. एफडी एखाद-दुसरा महिना उशिरा झाली तर काही बिघडत नाही, बँकेत जाऊन परिस्थिती सांगा.

पूर्ण आधीसारखे होतील का, याचं प्रामाणिक उत्तर: बरेच जण होतात, काही जण होत नाहीत. अमेरिकेत आयसीयूतून बाहेर पडलेल्या पेशंटचा एक मोठा अभ्यास २०१३ साली आला, त्यात तीन महिन्यांनी साधारण चारातल्या एकाचे स्मृती-विचाराचे मार्क सौम्य अल्झायमरच्या पेशंटइतके खाली होते, आणि डिलिरियम जितके जास्त दिवस राहिला तितकं ते वाईट. तुमच्याकडे कारण सापडलंय आणि उतरतंय, ते चांगलं आहे. घरी गेल्यावर साधारण तीन महिन्यांनी मेमरीची साधी चाचणी करून घ्या. मधल्या काळात हिशेब चुकला, शब्द आठवला नाही, टीव्ही बघता-बघता रडू आलं, रात्री दचकून उठले, तर नाटक म्हणू नका, तेही याच आजाराच्या शेपटीत येतं आणि त्यावर औषध-समुपदेशन आहे. बीपीची ती गोळी घरात उरलेली असेल तर डब्यातून काढून टाका, नाहीतर डिस्चार्जनंतर सवयीने परत सुरू होते. न्यूमोकोकस आणि फ्लूची लस कधी द्यायची ते छातीवाल्यांना विचारा.

ऐरोलीकर

ओके, भावाला हेच वाचायला पाठवलं. गोळी आजच काढतो. ऐरोली-घणसोली साइडला घरी येणारा फिजिओ कोणाच्या ओळखीत आहे का? आणि तो वर-खाली होणारा बेड विकत घ्यावा की भाड्याने मिळतो?

फिजिओ_घोडबंदर

बेड भाड्यानेच घ्या, दोन-तीन महिन्यांनंतर लागणार नाही. मॅन्युअल चालेल, मोटरवाला कशाला, पण साइड रेलिंगला फोम गुंडाळा. ऐरोलीत माझी एक बॅचमेट घरी जाते, न्यूरोचे पेशंट करते, तिला विचारून तुम्हाला मेसेज करतो.